बादलची शोकसभा

घाटकोपरला जनावरांच्या डॉक्टरकडे दर्शना मांजर घेऊन बसली होती. शेजारी दोन हवालदार एक म्हातारा लॅब्राडोर घेऊन येऊन बसले. पट्टा धरलेल्याला दुसरा विचारू लागला.

"बॉम्ब शोधायचा तो बादल हाच ना रे? चौकात याच्या श्रद्धांजलीचा बॅनर लागलाय!"

"हो ना. पाच नेत्यांचे फोटो मोठे आणि कोपऱ्यात कुत्रा. तोही दुसराच."

"अरे, पण हा तर जिवंत आहे!"

"तेच दाखवायला काल याला शोकसभेला घेऊन गेलो."

"मग?"

"वॉचमनने गेटवरच अडवलं. हॉलमध्ये कुत्र्यांना सोडत नाहीत म्हणे."

"आयला!"

"आत आमच्या पथकाचे साहेब माइकवर सांगत होते, बादलसाठी आमची दारं कायम उघडी होती."

"आणि हा?"

"याने साहेबांचा आवाज ओळखला. भाषण संपेपर्यंत गेटबाहेर शेपटी हलवत होता."