मामाची शेगडी आणि आपली चौकी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, शहरातल्या रोल्ला भागातून मुद्दाम आलेल्या प्रज्ञाताई. व्यासपीठावरचे, आखातातल्या आपल्या या कामगार कॅम्पचे बॉस फहदसाहेब. सत्कारमूर्ती केरू, जो माझा सख्खा भाचा आहे. आणि सुट्टीची झोप सोडून जमलेल्या माझ्या ठाकर भावांनो, सर्वांना मनापासून नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. त्यातलं एक नावं घेण्यात गेलं, चालायचंच.

केरूचे गुण सांगायला गुन्हेगारापेक्षा लायक वक्ता कोण मिळणार? त्याच्या राखणचौकीच्या वहीत नियम मोडणाऱ्यांत पहिलं नाव माझं आहे. टाळ्या नकोत, लाज वाटते. बरं, थोड्या वाजवा.

आधी आपल्या ब्लॉकवर बाहेरचे गार्ड होते. ते ओरडायचे, आपण ऐकायचो नाही. केरू साहेबांकडे गेला आणि म्हणाला, आम्हा आदिवासींची राखण आम्हीच करतो. साहेबांनी आपली चौकी चालवून दाखवायला तीन महिने दिले. वर बजावलं, "रिश्तेदारी दिखी, तो चौकी खलास." आता सांगा, या ब्लॉकमध्ये केरूचा नातेवाईक नाही असा माणूस आहे कुठे?

दुसऱ्याच आठवड्यात मी खोलीत इलेक्ट्रिक शेगडीवर सुके बोंबील भाजले. शेगडीला बंदी होती, पण वासाला कोण बंदी घालणार? पावलं वाजली तशी मी प्लग काढून शेगडी खाटेखाली सरकवली आणि वर बसलो. दारात केरू. मी निर्धास्त, भाचा मामाला काय करणार? त्याने चपला काढल्या, माझ्या पाया पडायला वाकला. मी आशीर्वादाला हात उचलला, तर हा शेगडी घेऊनच उठला. वहीत लिहिलं: सोमनाथ, नातं मामा.

मी आठ दिवस अबोला धरला. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, कुंदाला फोन लावून गाऱ्हाणं सांगितलं. ती म्हणाली, "दादा, तुला सोडलं असतं तर बाकीच्यांना कुठल्या तोंडानं धरलं असतं?" तिचं बरोबर होतं, म्हणून मी जास्तच चिडलो. तोवर इतरांनी अकरा शेगड्या आपण होऊन चौकीत आणून ठेवल्या होत्या.

तीन महिने भरले. साहेबांनी वही उघडून विचारलं, हे मामा कोण? केरू मान खाली घालून म्हणाला, सख्खे आहेत साहेब. साहेब इतके हसले की चहा सांडला. मग म्हणाले, "यल्ला, चलो, चौकी तुम्हारी."

उद्या केरू खोर फक्कानच्या कॅम्पात अशीच चौकी उभी करायला निघतोय. इथला कारभार माझ्याकडे आलाय, हसू नका. केरू, तुझा फार अभिमान वाटतो रे.

आपण सगळे आलात, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मला माफ करा. केरूने मला माफ केलं नव्हतं, म्हणूनच चौकी आपली राहिली.