निपाणीच्या रांगेतलं पालुपद

जरा जवळ सरका मंडळी, एक गोष्ट सांगतो. हसायचं ते मलाच हसा. बेळगाव स्टँडवर निपाणीच्या बसच्या रांगेत माझ्यापुढं वडगावचे विणकर तम्मण्णा आणि त्यांची लेक अंजनी उभे होते. निपाणीच्या एका दवाखान्यात रिसेप्शनच्या नोकरीसाठी तिची मुलाखत होती.

“आप्पा, मागल्या दोन्ही मुलाखतीत तोंडच उघडलं न्हाय माझं.”

“साडीगत धर गं. उभा ताणा तोच ठेवायचा, आडवा बाणा तेवढा बदलायचा. आय वुड लाइक टू... घाल पुढं.”

“आय वुड लाइक टू वर्क हिअर.”

“आता दुसरा धागा.”

“आय वुड लाइक टू लर्न. तुमाला तरी कळतंय काय ह्यातलं?”

“टाळकऱ्याला सगळा अभंग कळतोय व्हय? म्हण, आय वुड लाइक टू...”

चाळीस वर्षं कीर्तनात पालुपद झेललेलं माझं तोंड! हात वर करून मी खड्या आवाजात ओरडलो, “आय वुड लाइक टू!”

सगळी रांग वळून बघू लागली.

“पुढं काय काका?” अंजनीनं विचारलं.

“टू... टू निपाणी.”

“बघ अंजने, एवढ्या लोकांत चुकून बी काका धडधाकट उभे हाईत. तू कशाला भितीस?”

अंजनी पोट धरून हसली. बसमध्ये चढल्यावर तिनं कंडक्टरलाच ऐकवलं, “आय वुड लाइक टू सिट इन फ्रंट.”

“बस की आक्का, कोण नको म्हणतंय?”

मुलाखत झाली म्हणे, निकाल सोमवारी आहे. देवापुढं हात जोडाल तेव्हा अंजनीची तेवढी आठवण ठेवा.