खडीच्या ओळीला शाहिराची झील

मंडळी, सावध चित्ताने बसा. मागे जे उभे आहेत त्यांनी पुढे सरकावे, सतरंजी मंडपवाल्याची आहे आणि मंडपवाला स्वतःच सर्वांच्या मागे उभा आहे, तेव्हा हरकत घेणारा कोणी नाही.

पूर्वरंग झाला, नामाचा गजर झाला. आता ऐका! आज मी आपणांस एकच प्रश्न विचारणार आहे. दुसऱ्याची कीर्ती कानी पडताच ज्याच्या उदरात अग्नी प्रज्वलित होतो, अशा मनुष्याच्या कंठात देव वास करील काय? हात वर करू नका, ही शाळा नव्हे. उत्तर मनात धरा आणि आख्यान संपले म्हणजे ताडून पाहा.

विकार सहा आहेत, हे आपण जाणताच. लोभ मनुष्याला निदान वस्तू मिळवून देतो. क्रोध निदान घसा मोकळा करतो. मत्सर काय देतो हो? काही एक देत नाही. आतल्या आत जाळतो, आणि धूरसुद्धा बाहेर दिसू देत नाही!

तर दक्षिणेस, जिथे आपली मराठी संपता संपता कानडीचा हात धरते, त्या सीमेवर नांदरवाडी नावाचे एक ग्राम होते. ग्रामदैवत मरगाई. आणि त्या ग्रामाचे भूषण म्हणजे शाहीर हिंदुराव माळवदे. तुऱ्याचा फेटा, हातात डफ, आवाज असा की पहिली ओळ सोडली की गोठ्यातली म्हैस रवंथ थांबवून मान वर करी. यात्रेच्या दुपारी देवीची पालखी पारावर टेकली, की तिच्यासमोर पहिले गायन हिंदुरावांचे. हा पालखीपुढचा मान. हिंदुरावांच्या केसांची चांदी झाली, पण मान हलला नाही.

आणि मग गावाबाहेरच्या खाणीतून एक आवाज निघाला.

अंबादास वडर त्याचे नाव. माता दगड फोडणारी, पिता दगड वाहणारा. पोर मोठे झाले आणि गाणे करू लागले. गाणे म्हणजे आपले नव्हे, ट्रॅप! मी एकाला विचारले, ट्रॅप म्हणजे काय रे? म्हणाला, महाराज, ट्रॅप म्हणजे सापळा. म्हटले बरे झाले, आम्हीही संसाराला तेच म्हणत आलो, फक्त आम्हाला इतका मोठा भोंगा मिळाला नाही. खालून ढोलासारखा जड ठोका पडतो, वरून टिचकीसारखे बारीक काहीतरी तडतडते, आणि मध्ये हा गृहस्थ झोपेतून उठल्यासारखा सावकाश बोलतो. स्वतःस त्याने नाव घेतले ‘खडी’.

प्रारंभी पुण्या-मुंबईचे गाणारे त्याच्या बोलीला हसले. ‘तितं’, ‘न्हाई’, ‘हाय की बे’, हे काय गाण्याचे शब्द झाले? परंतु मंडळी, लोकांच्या कानाला जे लागते ते लागतेच. वर्ष उलटले, आणि तेच हसणारे गाण्यात ‘तितं’ म्हणू लागले! ज्यांनी आयुष्यात खाण पाहिली नाही ते अंगावर धूळ उडवून फोटो काढू लागले. त्याच्यासारखे सावकाश बोलायचे म्हणून चांगली फटफट बोलणारी मुले तोतरी झाली. नांदरवाडीत तर विचारू नका. डेअरीच्या रांगेत खडी, न्हाव्याच्या दुकानात खडी, शेरडे राखणाऱ्या म्हातारीच्या कमरेच्या फोनात खडी!

आणि हिंदुरावांच्या उदरात अग्नी.

एके सकाळी त्यांचा झीलकरी सदबा अंगणात बसून तुणतुण्याची तार लावीत होता. झीलकरी म्हणजे, शहरातून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो, शाहिराच्या मागे उभा राहणारा. शाहिराने ओळ सोडली की तिचे शेपूट उचलायचे आणि ‘जी र जी’ करून आकाशात न्यायचे. त्याच्यावाचून शाहीर म्हणजे वाऱ्यावाचून पतंग. तर हा सदबा तार लावता लावता गुणगुणला, आणि काय गुणगुणला? खडीचे गाणे!

हिंदुराव ताडकन उठले. आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. पत्नी सुभद्राबाई भाकरी थापीत होत्या. त्यांनी विचारले, पोटात दुखतंय का? ते म्हणाले, नाही. बाई म्हणाल्या, मग दुखू द्या, कळल आपोआप कशानं दुखतंय ते.

मंडळी, मत्सरी मनुष्य शत्रूचा जितका अभ्यास करतो तितका भक्त देवाचाही करीत नाही. हिंदुराव दुपारी गोठ्यात जात, फोनचा आवाज बारीक करीत आणि खडीचे गाणे ऐकत. कशासाठी? दोष काढण्यासाठी! इथे यमक तुटले, इथे मात्रा सांडली. आणि सर्वांत मोठा दोष हा सापडला की ह्याच्यापाशी झीलकरीच नाही. ओळ संपली की यंत्रातून ह्याचाच दुसरा आवाज ह्यालाच झील देतो. स्वतःच ओळ सोडायची, स्वतःच उचलायची! हिंदुराव म्हणाले, स्वतःच्या लग्नात स्वतःच अक्षता टाकणारा माणूस. आणि पुन्हा ऐकू लागले. दोष काढता काढता फोन बंद पडला, तेव्हा कळले की म्हशीला पाणी पाजायचे राहून गेले आहे.

हसू नका. आपल्या गोठ्यातही म्हशी तहानलेल्या आहेत.

यात्रा जवळ आली. कमिटीचे अध्यक्ष, बळवंतराव पाटील, शाहिरांच्या घरी आले. चहा झाला, ऊस कसा आहे हे झाले, आणि मग अध्यक्षांनी अडखळत सांगितले की तरुण मंडळी हट्टाला पेटली आहेत, यंदा पालखीपुढे खडीला उभे करावे म्हणतात. शाहिरांचा मात्र सत्कार करू. पहिल्या रांगेत खुर्ची, शाल, श्रीफळ.

सत्कार म्हणजे काय, मंडळी? मनुष्याला सन्मानपूर्वक बाजूला ठेवणे!

हिंदुरावांनी कप खाली ठेवला. क्षणभर डोळे मिटले. आणि मत्सराने काय केले पाहा! तो उघडा येत नाही, तो धर्माची शाल पांघरून येतो.

“अध्यक्ष,” ते म्हणाले, “मान कुणालाबी द्या, देवीची लेकरं सारी सारखीच. पर एक रूढी ध्यानात ठेवा. पालखी पारावर टेकल्यावर देवीपुढं यंत्र वाजत न्हाई. माणसाचा गळा आणि माणसाचा हात. आमच्या आज्याच्या वेळपासून हाय.”

रूढी खरी होती हो, खोटी नव्हती. परंतु गेल्याच साली, ऐन यात्रेत, शाहिरांच्या पुतण्याच्या हळदीला त्याच पारापाशी डीजे लागला होता. पालखी पारावर टेकलेलीच होती. तेव्हा रूढी कुठे गेली होती? जेवायला बसली होती!

अध्यक्षांनी मान डोलावली. खडीला निरोप गेला की यंत्र चालणार नाही. हिंदुरावांचा हिशेब सरळ होता. यंत्रावाचून हा उभा राहणार नाही, नकार देईल, आणि मान परत आपल्या दारी येईल. निरोप्या परतला आणि म्हणाला, खडीनं ‘बरं’ म्हटलं.

नुसते बरं. हिंदुरावांना त्या दिवशी भाकरी गेली नाही.

यात्रेचा दिवस उजाडला. भर दुपार, पालखी पारावर टेकलेली, भंडारा उधळलेला. पंचक्रोशी लोटली होती, पोरे झाडांवर चढून बसली होती. पहिल्या रांगेत हिंदुराव, डोईला तुरा, अंगावर शाल, आणि शेजारी सदबा तुणतुणे मांडीवर घेऊन. देवीपुढे खडी एकटाच आला. धुतलेला साधा सदरा. यंत्र नाही, ठोका नाही. त्याने देवीला हात जोडले आणि ओळ सोडली,

“आईनं फोडला दगूड, द्येव न्हाई निघाला...”

आणि थांबला. कारण तिथे यंत्रातली झील यायची! ती आली नाही. रिकामी जागा राहिली. लोक चुळबुळले. देवीपुढे ओरडावे कसे म्हणून पोरेही गप्प. यंत्रावाचून त्याचा आवाज कोरड्या नळासारखा वाटत होता. हिंदुरावांच्या अंतःकरणात गार वारा सुटला. त्यांनी शाल सावरली.

“निघाली खडी, न् खडीचा रस्ता झाला...”

पुन्हा रिकामी जागा. मागे कोणीतरी खुदकन हसले. हिंदुराव मनात म्हणाले, पड आता.

“रस्त्यानं समदा गाव फुडं ग्येला...”

तिसरी जागा. खडीच्या कपाळावर घाम. चौथी ओळ आणतो की निघून जातो, कोणालाच ठाऊक नाही. त्याने देवीकडे पाहिले आणि सावकाश म्हणाला,

“आई बसली तितंच, हातुडा हातात ऱ्हायला...”

आणि मंडळी! त्या रिकाम्या जागेत एक आवाज उठला,

“जी र जी जी, तितंच र जी...”

कोणाचा आवाज? हिंदुरावांचा! त्यांनी ठरविले नव्हते. त्यांच्या उदरात तर ‘पड, पड’ असा जप चालला होता. परंतु हा मनुष्य शाहीर होण्यापूर्वी अर्धे तारुण्य आपल्या गुरूमागे झीलकरी म्हणून उभा राहिलेला. खरी ओळ सुटली आणि तिचे शेपूट खाली पडू लागले, तर तो कंठ गप्प बसेल काय? पोटाला विचारायला गळा खाली उतरला नाही, त्याने उचलले आणि आकाशात नेले!

सदबाने धन्याचा आवाज ऐकला, त्याची बोटे तारेवर गेली. खडीने वळून पाहिले नाही. फक्त डावा हात खांद्याइतका उचलला, जसा शाहीर झीलकऱ्याला जागा देतो तसा, आणि पुढचे कडवे सोडले. हिंदुराव खुर्चीवरून कधी उठले, शाल कधी घसरली, कोणी पाहिले नाही. शेवटच्या ओळीला झाडावरची पोरे, ओट्यावरच्या बाया, सारा पार झील देत होता, आणि दगडफोड्यांच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून रडत होत्या.

गाणे संपले. लोकांनी खडीला खांद्यावर घेतले. खडीला हो! हिंदुरावांना नव्हे.

गर्दी ओसरल्यावर हिंदुराव त्याच्यापाशी गेले. मनात एक आशा होती, उगाच कशाला लपवा? त्यांनी विचारले, “डावा हात उचलायचा ह्यो, कुणाचं बघून शिकलास?”

त्यांना वाटले, पोर म्हणेल, तुमचे बघून.

“आईचं बघून,” खडी म्हणाला. “मोठा दगूड वडायचा आसला की फुडच्यानं म्हनायचं, मागच्यांनी वडायचं. हात वर क्येला की समज, मागच्यांचा जोर पायजे. येकट्याचा दगूड न्हाई त्यो, काका. मी शहरात मशिनीला मागं उभं क्येलं, कारन मागं मानूसच नव्हता कुनी.”

हिंदुरावांना पुन्हा झोंबले. थोडेसे. म्हणजे हेही श्रेय आपले नाही! जळणे एका दुपारीत विझत नाही, मंडळी. जो सांगेल विझते, त्याच्या कीर्तनाला जाऊ नका.

घरी परतताना वाटेत दोन पोरे म्हणत होती, खडीच्या मागं झील देणारा म्हातारा कोण होता रे? कसला गळा होता. हिंदुराव त्यांच्या मागूनच चालले होते. पुढे होऊन नाव सांगावे, असे एकदा वाटले. पण पाय आहे त्याच चालीने पडत राहिले.

सुभद्राबाईंनी दारातच पाण्याचा तांब्या दिला. पोट कसं आहे, असे विचारले. म्हणाले, आहे तसंच आहे.

“आणि झील?”

“झील चुकली न्हाई,” ते म्हणाले, आणि म्हशीला पाणी पाजायला गोठ्याकडे वळले.

आता सांगा, अग्नी उदरात आणि देव कंठात, हे एकाच देहात राहिले की नाही? राहिले! तेव्हा ज्यांना वाटते की प्रथम मन निर्मळ होईल आणि मग आम्ही दुसऱ्याला चांगले म्हणू, त्यांनी वाट पाहू नये. मन निर्मळ होईपर्यंत त्याची ओळ खाली पडेल. भावाने घर बांधले, जावेचा मुलगा पास झाला, शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी लागले. ओळ सुटलेली आहे. मधली जागा रिकामी आहे. आणि आपण शाल सावरून पहिल्या रांगेत बसलो आहोत!

प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याकडे पाहावे. ज्याच्याकडे पाहवत नाही त्याच्याकडे आधी पाहा. मी देवीच्या नावाची एक ओळ सोडतो आणि थांबतो. टाळकऱ्यांनी टाळ खाली ठेवावे, आज त्यांनी झील द्यायची नाही. मला पाहायचे आहे, तुमच्यातून कोणाचा गळा पोटाला न विचारता वर येतो.

मरगाईच्या दारी उभा, कोण मोठा कोण लहान...