फरकाचं कारण

दवाखान्यात माझ्या शेजारी नगरपालिकेतली कारकून बाई मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. तिच्या पलीकडे कचरागाडीचा ड्रायव्हर.

"काका, हे नवीन सॉफ्टवेअर तुमची नोंद घेतच नाहीये. वॉर्डात मोजून गाडीत भरला त्याहून जास्त कचरा डेपोवर उतरला, म्हणतंय. दर खेपेला चौऱ्याऐंशी किलो."

"म्हणजे मी वाटेत बाहेरचा माल भरतो? साहेबही तेच म्हणाले. उद्यापासून गाडी काढून घेणार आहेत माझी."

"थांबा हो. भरलेली गाडी काट्यावर घेता, तेव्हा तुम्ही कुठे असता?"

"गाडीतच. ती काय एकटी चढते?"

"आणि रिकामीचं वजन करताना?"

"तेव्हा उतरतो. शिक्का घ्यायला खिडकीपाशी जावं लागतं ना."

"काका, तुमचं वजन किती?"

"कोणी विचारलंय कधी?"

"तो बघा, समोर पेशंटचा काटा आहे. चढा बरं."

"चपला काढू?"

"नको. गाडीत घालूनच बसता ना?"

"हं. किती दाखवतोय, ताई?"

"चौऱ्याऐंशी."

"आयला! म्हणजे इतकी वर्षं मला कचऱ्यातच धरलं?"

"सुटलात तुम्ही. आता इथे फरकाचं कारण विचारतंय. काय लिहू?"

"लिहा, गाडीत माणूस होता."