मी खोडलेली ओळ

माझं माहेर धरणगाव, घरी कापूस, घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, जळगावला बी.कॉम. केलं, लग्न होऊन ठाण्याला गेली, अन् पेपरातली जाहिरात पाहून एका ज्यू लोकांच्या ट्रस्टमध्ये हिशोबनीस म्हणून लागली. आता काय सांगू तुम्हाला, ज्यू म्हणजे कोण हेच मला ठाऊक नव्हतं, वाटलं कोणी गोरे साहेब असतील, तर समोर आले ट्रस्टचे सेक्रेटरी अब्राहमसाहेब, आपल्यासारखेच सावळे, माझ्याहून चांगलं मराठी बोलणारे. म्हणाले, बाई, आमच्याकडे शनिवारी सुट्टी, रविवारी काम, चालेल का? मी म्हटली चालेल. घरी कळवलं तर वडील म्हणे, पोरी, त्या लोके कसा शेतस? मी म्हटली, बाबा, गोड पोह्यांचा मलिदा करतात, देवाचं नाव घेऊन वाटतात. मग काय, म्हणे, आपलाच शेतस, म्हणजे आपलेच आहेत.

दोन वर्षांची म्हणून धरलेली नोकरी एकतीस वर्षं केली. पोरांच्या फिया, म्हाताऱ्यांची औषधं, सिनेगॉगची डागडुजी, सगळा पैसा माझ्या हातून जायचा. माणसं मात्र कमी होत गेली, घरंच्या घरं इस्राएलला गेली, देणग्या आटल्या, अन् मला फायनान्सची मुख्य केलं तेही नेमकं तेव्हाच. ट्रस्टी म्हणाले, बाई, कुठे कमी करायचं ते तुम्ही सांगा. मी यादी घेऊन बसली. त्यात एक ओळ होती, खानदेशातल्या कबरस्तानाची राखण. धुळ्याकडे एका लहान स्टेशनाजवळ, रेल्वेत नोकरीला आलेल्या त्यांच्या लोकांच्या अकरा कबरी, आता तिथे त्यांचं एकही घर नाही. माझ्याच मुलखातली ओळ, ती मी खोडली. वाटलं, ते पैसे जिवंत म्हाताऱ्यांच्या गोळ्यांना लागतील. तेव्हा मला ते चूक वाटलं नव्हतं, खरं सांगते.

सात-आठ महिन्यांनी रिबेकाबाई ऑफिसात आल्या, ऐंशीच्या पुढच्या, त्यांचा नवरा त्या धुळ्याकडच्या स्टेशनावर रेल्वेत गार्ड होता, तिकडेच वारला, तिकडेच पुरलेला. भांडल्या नाहीत हो. खुर्चीत बसल्या अन् एवढंच विचारलं, मग आता त्यांच्याजवळ कोण असतं? मी म्हटली, चला, आपण पाहून येऊ.

मला वाटलं बाभळी माजल्या असतील, दगड आडवे पडले असतील. तर सगळं झाडलेलं, स्वच्छ, अन् राखण करणारी अक्का, शेजारच्या वस्तीतली, हातात खराटा घेऊन उभी. मी म्हटली, अक्का, पगार तर बंद झाला ना? ती म्हणे, पगार बंद व्हयना म्हनीसन ह्या उठीसन ग्यात का? आठेच शेतस ना. पगार गेला तरी ही माणसं इथेच आहेत, असं तिचं म्हणणं. रिबेकाबाईंनी त्यांच्या रीतीप्रमाणे नवऱ्याच्या कबरीवर एक खडा ठेवला अन् अक्काला मिठीच मारली. मी बाजूला उभी, तोंड कुठे लपवू असं झालेलं.

परत येऊन मीटिंगमध्ये सांगितलं, चूक माझी आहे, अक्काचा पगार मागच्या महिन्यांसकट द्या. अब्राहमसाहेब म्हणाले, सही आमचीही आहे, एकट्या कशाला अंगावर घेता? मी म्हटली, साहेब, मी तिकडचीच, माहेरी जाता-येता एक फेरी मारायला मला काय झालं होतं? पगार सुरू झाला. त्यानंतर कोणतीही मदत बंद करायच्या आधी मी त्या-त्या ठिकाणी जाऊन आली. बंद करावं लागलंच नाही असं नाही, एक बालवाडी बंद केली, तिथल्या बाईंच्या समोर बसून सांगितलं, त्या रडल्या, मीही रडली.

आता रिटायर होऊन जळगावला राहते. अब्राहमसाहेब गेले, रिबेकाबाई गेल्या, त्या ठाण्याच्या मातीत अन् नवरा इकडे, मनात येतं कधी, पण ते आपल्या हातात नसतं. दोन-तीन महिन्यांनी एसटीनं त्या कबरस्तानात जाते, मला कोणी पाठवत नाही. मी तिथे असले की रिबेकाबाईंची नात इस्राएलहून व्हिडिओ कॉल लावते, तिला मराठी येत नाही, मला तिची भाषा येत नाही. मी फोन तिच्या आजोबांच्या कबरीसमोर धरते, ती बघत राहते. अक्का मागून म्हणते, तिले सांगा बाई, बठ्ठा ठीक शेतस. आता सगळे ठीक आहेत हे मी कोणत्या भाषेत सांगू? मी हात हलवते, तीही हलवते. सुखी राहा गं माय, जिथे असशील तिथे.