डावी धार

मिस्त्री : हातात घेऊन तरी बघा, ताई. चाकूवर रुसून काय होणार?

ताई : हा चाकू आहे? मला वाटलं, नातवाचं खेळणं उचलून दिलंत.

मिस्त्री : दोन बोटांचं पातं, टोक गोल, धार दोन्ही अंगांनी सारखी घासलेली. खिशात टाका आणि विसरून जा.

ताई : विसरायचाच असता तर आले कशाला असते? मिस्त्री, मी कलमं बांधते. सकाळी चपला घालायच्या आधी चाकू कमरेला लागतो, तो दिवेलागणीला उतरतो. या एवढ्याशा पात्यानं काडी कापायची म्हणजे करवतीसारखं पुढेमागे करत बसायचं. कलमाचा काप एका ओढीत झाला पाहिजे. दुसऱ्यांदा पातं फिरलं की मध्ये उंचवटा राहतो, आणि काडी खालच्या रोपाच्या खुंटावर बसत नाही. हे तुम्हाला मी सांगायचं?

मिस्त्री : मला कळतंय. पण मागणीच तशी आली.

ताई : कुणाची?

मिस्त्री : चहा सांगू का?

ताई : धाकट्याची ना?

मिस्त्री : फोन आला होता त्याचा. म्हणाला, ताई येईल, तिला आखूड, बिनटोकाचं काहीतरी द्या. तिचं मन मोडू नका, पण बोटही कापू देऊ नका.

ताई : वा! आजारी पडले मी आणि शहाणपण आलं माझ्या भावाला.

मिस्त्री : त्याचं तरी काय चुकलं? अंगठ्याला ही पट्टी कसली?

ताई : कापलं जरा.

मिस्त्री : कळलं कधी?

ताई : पानावर रक्त दिसलं तेव्हा.

मिस्त्री : म्हणजे दुखलं नाही.

ताई : अर्धांगाचा झटका येऊन गेला तेव्हापासून उजव्या हाताला दुखणं माहीत नाही. चिमटीत काडी दिली की धरून बसतो इमानदार, सोड म्हटलं तरी सोडत नाही. धरणं त्याच्याकडे, ओढणं डाव्याकडे. अशी वाटणी केली आहे.

मिस्त्री : आणि तुमचा तो घडीचा चाकू उघडता कशानं?

ताई : दातांनी.

मिस्त्री : अरे देवा!

ताई : देवाला कशाला बोलावता? दात अजून माझेच आहेत.

मिस्त्री : बरं, अशी बांधलेली कलमं जगली का?

ताई : एकही नाही.

मिस्त्री : ताई...

ताई : असं बघू नका माझ्याकडे. तसं बघणारे घरात पुष्कळ आहेत. इकडे पिशवीत बघा. मेलेल्या काड्या आहेत, खुंटावरून सोडवून आणल्यात. काप बघा.

मिस्त्री : चष्मा कुठं गेला... हं. खोलगट झालाय. चमच्यासारखा.

ताई : दुसरी घ्या.

मिस्त्री : हीसुद्धा.

ताई : हवी ती घ्या. सगळ्या तशाच, सगळ्या एकाच अंगाला खोल. घरचे म्हणतात, डावा थरथरतो. आता सांगा, थरथरणारा हात रोज एकाच जागी चुकेल का? तो एकदा इकडे जाईल, एकदा तिकडे. ही चूक थरथरीची नाही, मिस्त्री. फार शिस्तीची चूक आहे ही.

मिस्त्री : तुमचा जुना चाकू द्या इकडे.

ताई : घ्या. त्यासाठीच तर आले.

मिस्त्री : एक अंग सपाट, एका अंगाला उतार. उजव्या हातासाठी घडवलेला. मीच घडवला होता. उजव्यात धरला की सपाट अंग काडीला टेकतं, काप आरशासारखा निघतो. डाव्यात धरला की...

ताई : उतार टेकतो. आणि पातं सरळ जायचं सोडून काडीच्या पोटात शिरतं.

मिस्त्री : आणि हे तुमच्या घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही? तीन पिढ्या कलमं बांधताय!

ताई : तीन पिढ्या सगळे उजवे. धार दुसऱ्या अंगालाही असू शकते, हे कुणाला सुचणार? सगळे माझ्या हाताकडे बघत राहिले. चाकूकडे कुणी बघितलंच नाही. मीसुद्धा नाही.

धाकटा : ताई! इथं आहेस होय! सगळी रोपवाटिका पालथी घातली मी. चालत आलीस?

ताई : नाही, उडत आले. बस. तुझं ते खेळणं मी परत केलंय.

धाकटा : मिस्त्री, मी काय सांगितलं होतं तुम्हाला?

मिस्त्री : तू सांगितलंस तसंच केलं होतं बाबा. पसंत पडलं नाही.

धाकटा : ताई, ऐक ना. धार दोन्ही अंगांनी घासलेली आहे, कुठल्याही हाताला चालेल.

ताई : कुठल्याही हाताला चालेल, कलमाला चालणार नाही. भाजी चिर त्यानं. मिस्त्री, हा जुनाच उलटवा. उतार डाव्या हाताचा करा. लांबी चार बोटं आहे, चार बोटंच राहू दे.

मिस्त्री : त्यापेक्षा नवा डावा घडवतो की. महिनाभर थांबा, जुना असू दे तसाच.

ताई : महिनाभर कुठं थांबू? हा सोमवारी नवा कलमवाला आणतोय. माझ्या बाकावर बसवायला.

धाकटा : तुझ्या बाकावर कशाला? शेजारी बसेल. तू पुढं टेबलापाशी बस, गिऱ्हाइकांशी गोड बोल.

ताई : गोड? मी?

मिस्त्री : गिऱ्हाइकं पळतील रे.

ताई : धारेचं चाक लावा, मिस्त्री.

मिस्त्री : आधी ऐकून घ्या. सपाट आहे तिथं उतार काढायचा, उतार आहे तिथं सपाट करायचं. पातं अरुंद होईल. आणि पुन्हा उलटवू म्हणाल तर तेवढं पोलाद उरणार नाही. हा चाकू उजव्या हाताला कायमचा गेला.

धाकटा : मग नाही. मिस्त्री, ठेवा तो खाली. ताई, डॉक्टर काय म्हणाले? हात सुधारू शकतो. बाबांनी दिलेला चाकू आहे हा. उद्या उजवा परत आला तर?

ताई : आला तर पाहुणा म्हणून येऊ दे. चहा देईन त्याला. काम डावा करेल.

धाकटा : तुला काहीच वाटत नाही?

ताई : वाटतं रे. सकाळी डोळा उघडला की आधी त्यालाच हलवून बघते. बाळ जागं झालं का, असं बघावं तसं. तो आपला झोपलेला. किती दिवस त्याच्या उशाशी बसू? तिकडे खुंटांना रस चढलाय, काड्यांना कोंब धरलेत. त्यांना कुणी सांगावं, थांबा, आमच्या घरात एक हात निजलाय?

धाकटा : मिस्त्री, तुम्ही तरी समजवा.

मिस्त्री : लांबी तुमची, ताई, उतारही तुम्ही म्हणाल तो. पण एक अट माझी. उजव्या अंगठ्याला चामड्याची टोपी, आत्ता शिवून देतो. ती घातल्याशिवाय चाकूला हात लावायचा नाही. कबूल असेल तर चाक फिरेल.

ताई : लाल चामडं आहे?

मिस्त्री : काळं आहे.

ताई : काळं तर काळं. आणि ती घडी बंद करून टाका. पातं उघडंच राहील असा खिळा ठोका, वर म्यान द्या. दातांनाही जरा सुट्टी.

(चाक सुरू होतं. पात्याच्या ठिणग्या उडतात. मग चाक थांबतं. मिस्त्री खिळा ठोकतात, टोपी शिवतात.)

मिस्त्री : घ्या. पाण्यातून काढलाय, पुसून घ्या. आधी टोपी!

ताई : घातली. धाकट्या, त्या पिशवीच्या तळाशी ओलं फडकं आहे, त्यातल्या दोन काड्या दे.

धाकटा : ताज्या काड्याही आणल्यास? म्हणजे घरून ठरवूनच निघालीस.

ताई : मग काय तुझी परवानगी काढून निघू? एक माझ्या उजव्याच्या चिमटीत दे. हां. आता मागे सर.

धाकटा : हळू, ताई.

ताई : हळू कापलं की काप बिघडतो. ही एक. दुसरी दे... ही दुसरी. आता दोन्हींची तोंडं एकमेकांना लाव आणि दाराकडे उजेडात धर. काय दिसतं?

धाकटा : काही नाही.

ताई : नीट बघ. लहानपणापासून घाई तुला.

धाकटा : नीटच बघतोय. मधून उजेड येत नाही, ताई. कुठंच फट नाही.

मिस्त्री : आण इकडे, मला बघू दे... हं. चहा सांगतो.

धाकटा : ताई, मग त्या सोमवारच्या माणसाला काय कळवू?

ताई : ये म्हणावं. काप मी घेईन. कलमाला पट्टी बांधायला मला एक हात कमी पडतो.