क्रेनवर चढले ते कामावर होते म्हणून

नाव: घारताई (कामावर सगळे याच नावाने ओळखतात). वय ४४. धंदा: टॉवर क्रेन चालवणे. राहणार: बाजारामागची गल्ली, दुसरा मजला, सासू व नणंद यांच्यासह.

माझ्याविरुद्ध आलेल्या तक्रारीबाबत पोलीस ठाण्यात विचारल्यावरून समक्ष सांगते की, क्रेनचालक पुरवणाऱ्या एजन्सीने मला या बांधकामावर इमारत पूर्ण होईपर्यंत नेमले होते. काम रद्द करायचे झाल्यास पंधरा दिवस आधी कळवायचे, नाहीतर तेवढ्या दिवसांचा पगार द्यायचा, असा करार आहे.

सोमवारी सकाळी मी मोबाइल गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवून केबिनमध्ये चढले. मोबाइल वर न्यायचा नाही, हा साइटचाच नियम आहे. मी वर असताना, काम आजपासून रद्द, असा एजन्सीचा मेसेज येऊन पडला. मला कोणी काही सांगितले नाही. वॉकीटॉकी मात्र चालू होता आणि सुपरवायझर दिवसभर त्यावरून "ताई, हे उचला, ते उचला" करत होते.

त्या दिवशी वारा होता. काचांची पेटी नवव्या मजल्यावर न्यायची होती. सुपरवायझर तणतणले, तरी वारा पडेपर्यंत मी थांबले आणि मगच पेटी चढवली. एका काचेला ओरखडा नाही. सुपरवायझर स्वतः म्हणाले, "मानलं ताई तुम्हाला." हे वाक्य जबाबात यावे, असा माझा आग्रह आहे.

संध्याकाळी खाली उतरले तर तेच सुपरवायझर म्हणाले, "तुमचं काम सकाळीच रद्द झालंय. तुम्ही विनापरवानगी चढलात."

मी म्हणाले, "मग दिवसभर वॉकीटॉकीवर भुताशी बोलत होता का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी तक्रार दिली.

माझी नणंद वकिलांकडे टायपिंग करते. एरवी आमचे विळ्याभोपळ्याचे सख्य. पण तिने हातातले काम टाकून मला समजावले, "वहिनी, आधी एजन्सीला लेखी नोटीस. नाही ऐकलं तर कामगार कार्यालय. तिथंही नाही जमलं तर कोर्ट. पण चुकून चढले असं कुठं लिहून दिलंस, तर पंधरा दिवसांच्या पगारासकट सगळंच हातचं जाईल." नोटीस तिनेच टाइप केली. ती आज सकाळी पाठवली आहे.

आत्ता ठाण्याच्या दारात एजन्सीचे साहेब भेटले. म्हणाले, "ताई, 'चुकून चढले' एवढी एक ओळ द्या. सुपरवायझरला तक्रार मागे घ्यायला लावतो, पुढच्या महिन्यात नवी साइट देतो." माझ्या हातात दुसरे काम नाही. सासूबाईंचे औषधपाणी चालू आहे. मोह झाला, खोटे कशाला बोलू? पण वीस वर्षांत माझ्या क्रेनवरून कोणाच्या डोक्यावर खडासुद्धा पडलेला नाही. न विचारता क्रेनवर चढणारी बाई, अशी ओळख मी स्वतःच्या सहीने करून देणार नाही. मी विनापरवानगी चढले असेन, तर नवव्या मजल्यावरच्या काचा कोणाच्या परवानगीने पोहोचल्या, हेही तक्रारदारांना विचारावे.

जबाब मला वाचून दाखवला. लिहिणाऱ्या हवालदारांनी सवयीने "नजरचुकीने चढले" असे घातले होते. ते मी खोडायला लावले व शेजारी सही केली. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.